रांगोळीत न निघालेला रस्ता

जबलपूरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी भेडाघाटचं विचारतात. धबधबा पाहिला का, संगमरवरी कड्यांमधून नावेत बसून आलात का. दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. आमची बस भेडाघाटच्या फाट्यावरून जाताना थांबली नाही आणि येतानाही थांबली नाही. मी खिडकीशी बसून फक्त पाटी वाचली. ज्यांना धबधब्याचं वर्णन हवं असेल त्यांनी इथूनच परत फिरलेलं बरं. मी गेले होते ते गावाचा आराखडा कसा करावा आणि सरकारी अनुदान कसं मागावं, हे शिकायला.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाची सरपंच आहे. हे माझं चौथं वर्ष. आमच्या गावात सभागृह नाही. बचत गटाच्या बाया मारुतीच्या पारावर बसून बैठका घेतात, आणि बैठकीत कोण काय बोललं हे बैठक संपायच्या आत अख्ख्या गावाला कळतं. निवडणुकीच्या वेळी मी त्यांना शब्द दिला होता की माझ्या कारकिर्दीत सभागृह होईल. गटाची अध्यक्ष सुनंदा हा शब्द मला विसरू देत नाही. पिठाच्या गिरणीत भेटली तरी आधी सभागृह, मग बाकीचं.

प्रस्ताव दोनदा पाठवला, दोनदा परत आला. त्यात यंदा तालुक्याहून निरोप आला की एका गावाचं एकच काम घेऊ, प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ठरवा आणि कागद पाठवा. कारकिर्दीचं शेवटचं वर्ष तोंडावर होतं, म्हणजे मला ही शेवटचीच संधी होती. तेवढ्यात जबलपूरच्या एका संस्थेचं तीन दिवसांच्या कार्यशाळेचं पत्र आलं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड, तिन्हीकडच्या सरपंचांना बोलावलं होतं. येताना प्रत्येकानं आपल्या गावाचा नकाशा आणायचा होता. मी बॅग भरली.

महाराजपुर

संस्थेनं राहायची सोय केली होती, पण माझी मावसबहीण कुसुमताई जबलपूरला असताना मी दुसरीकडे राहिले असते तर तिनं जन्मभर बोलून दाखवलं असतं. ती अधारतालच्या पुढे महाराजपुरला राहते. लग्न होऊन आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही. मला पाहिल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, “काहून वो, स्वेटर नाही आणला? हे काय तुमचं गोंदिया समजून राहिली का?”

मी खरंच आणला नव्हता. पौषातली थंडी आमच्याकडेही असते, पण नर्मदेकाठची थंडी निराळी. ती पायांतून वर येते. तिनं भाऊजींचा तपकिरी स्वेटर काढून दिला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. पुढचे तीन दिवस मी सरकारी अनुदानावरची सगळी भाषणं त्या स्वेटरात ऐकली. बाकीचे सरपंच फेटे आणि जाकिटं घालून आले होते, त्यांच्यात मी उठून दिसत होते.

कुसुमताईची नात रिया अकरावीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. तिनं मला विचारलं, “आजी, आप सरपंच हो तो गाँव में सब आपसे डरते हैं?” मी म्हटलं, सुनंदा सोडून सगळे. सुनंदा कोण हे तिला समजावून सांगेपर्यंत पोहे आले. आमच्याकडे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. इथे पोह्यांवर शेव भुरभुरवतात आणि बाजूला गरम जिलेबी ठेवतात. तिखटावर गोड हे मला आधी पटलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच जिलेबी मागून घेतली.

पहिला दिवस

कार्यशाळा घेणारे तिवारीजी साठीचे. पंचायत सचिव म्हणून आयुष्य काढलेले. अंगावर शाल, आवाज बारीक, आणि फळ्यावर लिहायचं नाही असा त्यांचा नियम. सगळं ते बोलून सांगत. पहिल्याच तासाला त्यांनी आमचे परत आलेले प्रस्ताव मागवले आणि त्यातला ‘कामाची गरज’ हा रकाना मोठ्यानं वाचायला लागले. गावाच्या सर्वांगीण विकासासाठी. जनतेच्या सोयीसाठी. ग्रामस्थांची बऱ्याच दिवसांची मागणी असल्याने. तीन राज्यांतल्या सरपंचांनी, दोन भाषांत, एकमेकांना न विचारता एकच गोष्ट लिहिली होती. माझ्या प्रस्तावात ‘सर्वांगीण’ दोनदा होतं.

खोलीत हशा पिकला. तिवारीजी हसले नाहीत. ते म्हणाले, “इस खाने में एक वाक्य लिखिए। ऐसा वाक्य जो आपके गाँव के सिवा कोई गाँव न लिख सके। काम न हुआ तो क्या होगा, बस उतना.”

मी वहीत ते तसंच उतरवून घेतलं. मग दिवसभर कुठलं काम कुठल्या निधीतून मागायचं याची उजळणी झाली. बांधून दिलेला निधी म्हणजे पाणी आणि स्वच्छतेपुरताच, मोकळा निधी म्हणजे गाव ठरवेल त्यासाठी. शिवाय सभागृह, स्मशानभूमी, वाड्या-पाड्यांचे रस्ते यांना आपापली दारं, आणि चुकीचं दार ठोठावलं की कागद परत. माझा पहिला प्रस्ताव का परत आला ते मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे ‘त्रुटी’ एवढाच शेरा मारून पाठवला होता.

त्या वेळी माझ्या मनात सभागृहाशिवाय दुसरं काही नव्हतं. स्मशानभूमीचं नाव आलं तेव्हा मी शेजारच्या छत्तीसगडच्या सरपंच बाईंना त्यांच्या बांगड्या कुठून घेतल्या हे विचारत होते.

सदर

संध्याकाळी कुसुमताई मला सदरच्या बाजारात घेऊन गेली. सदर म्हणजे छावणीचा भाग. रस्ते रुंद, झाडं जुनी, फौजी घरातल्या बायका मुलांना घेऊन निवांत खरेदी करत असतात. ताईचं म्हणणं पडलं की स्वेटर घेतल्याशिवाय घरी जायचं नाही. माझं म्हणणं पडलं की भाऊजींचा बरा आहे. शेवटी स्वेटर राहिला आणि आम्ही खोव्याची जिलेबी खाल्ली. ही साधी जिलेबी नव्हे. रंगानं काळपट, आतून मऊ, आणि एका जिलेबीत जेवण व्हावं इतकी जड. मी दोन खाल्ल्या आणि रात्रीची भाकरी नाकारली, त्याबद्दल ताईनं मला फार सुनावलं.

परत येताना ऑटोत तिनं विचारलं की तू गावी एकटी राहून कंटाळत नाहीस का. माझे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. श्रावण होता. झड लागली होती. मंगेश, माझा मुलगा, तेव्हा नुकता गोंदियात नोकरीला लागला होता. मी ताईला म्हटलं, सरपंचाला कंटाळायला वेळ कुठे असतो. ती घर येईपर्यंत माझा हात धरून बसली.

शहपुरा

दुसऱ्या दिवशी आम्हाला शहपुरा तहसिलीतल्या एका गावात नेलं. गावकरी आराखडा कसा बनवतात ते प्रत्यक्ष पाहायचं होतं. हा सगळा भाग मटाराचा. शेतांत बाया रांगेनं शेंगा तोडत होत्या. रस्त्याच्या कडेला पोती उभी होती, आणि बस पुढे सरकेना कारण पुढची ट्रॉली काठोकाठ भरली होती. ट्रॉलीवाल्यानं खिडकीतून आमच्या मांडीवर ओंजळभर शेंगा टाकल्या. तिन्ही राज्यांचे सरपंच शेंगा सोलत गावात पोचले.

गावातल्या देवीच्या मढियेसमोर, म्हणजे लहानशा देवळासमोर, अंगण सारवलेलं होतं. तिथे गावच्या बायांनी पिठानं आणि रंगांनी अख्ख्या गावाचा नकाशा काढला होता. आपण रांगोळी म्हणतो, त्या चौक म्हणतात, आणि चौक काढणं म्हणजे ‘चौक पूरना’. शाळा, अंगणवाडी, प्रत्येक हातपंप, गल्लीगल्लीतलं गटार, वीज नसलेली घरं पिवळ्या टिपक्यांनी. चहूकडे दुहेरी किनार. पुढारीपण रामकलीबाईंकडे होतं. त्या वॉर्डाच्या पंच, पन्नाशीच्या, बोलायला कमी आणि हाताला पक्क्या. पुरुष मंडळी चपला काढून लांब उभी होती. कोणाचा पाय चौकात पडला नाही, बोटही नाही.

मला फार आवडलं ते. आम्हीही अगदी असाच नकाशा काढला होता, शाळेच्या पटांगणात. तालुक्याच्या साहेबांनी त्याचा फोटो काढून नेला होता, आणि मी तोच मोबाईलमध्ये घालून मिरवायला आणला होता.

तिवारीजींनी गावकऱ्यांना विचारलं, काही राहिलं का. सगळे म्हणाले, नाही. मग ते म्हणाले, चला, पाहून येऊ. नकाशाची कागदावरची नक्कल हातात घेऊन गाव पायी फिरायचं अशी त्यांची पद्धत. आमच्याकडे तिला शिवारफेरी म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ती चहाच्या टपरीपर्यंत होते.

इथे ती खरी झाली. गाव संपलं, मटाराच्या शेतांमधली पायवाट लागली, आणि एका चिंचेपाशी रामकलीबाई थांबल्या. त्यांच्याबरोबर सगळ्या बाया थांबल्या. पायवाट मात्र पुढे जात होती. मी विचारलं, काय झालं? रामकलीबाई म्हणाल्या, “उते मुक्तिधाम है दीदी। हम औरें नईं जात.”

मुक्तिधाम म्हणजे स्मशान. बायांनी पुढे जायचं नाही, एवढंच. आमच्याकडेही हेच आहे. तिरडी उठली की बाई दाराशी थांबते. मीही तिथेच थांबले असते, पण तिवारीजींनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, सरपंच आहात ना. टोमणा नव्हता तो. मी भाऊजींच्या स्वेटराच्या बाह्या वर केल्या आणि पुढे निघाले.

पायवाट पुढे अर्ध्या हाताची झाली. मग नाला लागला. हिवाळ्यातही त्यात पिंडरीभर पाणी होतं, आणि पलीकडे जायला पाच दगड टाकलेले. तिसरा हलत होता. माझा पाय तिथेच घसरला, मी पाण्यात बसले, आणि स्वेटरानं निम्मा नाला पिऊन घेतला. हल्केदादा नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला हात देऊन काढलं. पलीकडे गवतात एक चौथरा होता. छप्पर नाही, वाट नाही.

हल्केदादांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. पावसाळ्यात नाला भरतो. गेल्या पावसाळ्यात त्यांची भावजय वारली, पाणी उतरेना, दोन दिवस प्रेत घरात ठेवावं लागलं. मी विचारलं, मग नकाशात हा रस्ता का नाही? ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं होतं. म्हणाले, “चौक तो बाई हरें पूरत हैं। हमसे काऊ ने पूछी नईं.”

चौक बाया काढतात, पुरुषांना कोणी विचारलं नाही. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ते आपलं असतंच तसं. रांगोळी बायांच्या हातची, आणि बाया त्या वाटेला कधी गेल्या नाहीत. पुरुष वाट तुडवून आले, पण रांगोळीला त्यांनी हात लावायचा नाही. त्यातून देवीच्या अंगणात स्मशान कोण काढणार? कोणाची चूक म्हणावी अशी ती नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षातही आली नव्हती. वर्षानुवर्षं त्या गावाचा आराखडा होत होता, आणि दर वर्षी तो रस्ता राहून जात होता.

मी ओल्या कपड्यांनी चौथऱ्याजवळ गवतात बसले आणि मोबाईल काढला. आमच्या गावाचा नकाशा. शाळा, पाणंद, बोअर, सुनंदाचं घर, मारुतीचा पार, आणि पारामागे मी स्वतः लाल रांगोळीनं काढलेलं न झालेलं सभागृह. मी तो फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, चारही कोपरे पाहिले. स्मशान कुठेच नव्हतं.

मला लाज वाटली. माझा माणूस त्या वाटेनं गेला होता. मी दाराशी उभी होते, तिरडी वळणावर दिसेनाशी झाली आणि माझ्यापुरता रस्ता तिथेच संपला. तीन तासांनी माणसं परतली तेव्हा सगळी गुडघ्यापर्यंत चिखलात होती. दोन-चार दिवसांनी मंगेशची पँट मीच धुतली, तीनदा पाणी बदललं तरी पाणी तांबडंच निघत होतं. सरपंच होऊन चौथं वर्ष चालू होतं, पण तो चिखल कुठला हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

परत आल्यावर तिवारीजींनी बायांना पाहिलेलं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली की मढियेपुढे असलं काही काढलं तर अशुभ होईल. तिवारीजी म्हणाले, कागदावर काढू. पण रामकलीबाईंनी मान हलवली. त्यांनी पिठाची चिमूट घेतली, चिंचेपासून निघणारा रस्ता काढत थेट किनारीपर्यंत आणला, नाल्याला निळा रंग भरला, आणि किनारीतून बाहेर पाऊल टाकलं. शेजारच्या घरातून चुलीतली राख मागवली. चौकाच्या बाहेर, सारवण संपतं तिथे, राखेचा एक लहान चौकोन काढला आणि म्हणाल्या, “रस्ता तो अपनो है। वो भीतर रहे.”

अशुभाचं बोलणारी म्हातारी उठली. तिनंच हात धुवायला पाणी आणलं.

जेवायला गक्कड आणि भर्ता होता. गक्कड म्हणजे आपले रोडगेच, गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले. आमच्याकडे सोबत वांग्याची रस्सा भाजी असते, इथे भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि मटाराचं वाटण. मी रामकलीबाईंच्या घरच्या लुगड्यात जेवायला बसले, कारण माझे कपडे त्यांच्या कुंपणावर वाळत होते. स्वेटर मात्र संध्याकाळपर्यंत वाळला नाही. भाऊजी काही म्हणाले नाहीत. कुसुमताई म्हणाली.

तिसरा दिवस प्रस्ताव पुन्हा लिहिण्याचा होता. सगळे लिहीत होते, माझा ‘गरज’ रकाना कोरा. सभागृह की रस्ता, एकच पाठवता येणार होतं. मी तिवारीजींना विचारलं तर त्यांनी दोन्हींची दारं सांगितली आणि निवड ग्रामसभेची आहे म्हणून मोकळे झाले. निरोपाला त्यांनी “नर्मदे हर” म्हटलं, आणि सगळ्यांनी मागून म्हटलं. इथे येताना, जाताना, पाणी पिताना, सगळ्याला हेच म्हणतात.

परत

मंगेश मोटरसायकल घेऊन गोंदियाच्या स्टेशनवर आला होता. माझ्या हातात कुसुमताईनं दिलेल्या मटाराची पिशवी होती. गावाच्या फाट्यावर मी त्याला म्हटलं, गाडी घराकडे नको, स्मशानाकडे घे. त्यानं मागे वळून माझं तोंड पाहिलं आणि गाडी वळवली. शेताच्या धुऱ्यापाशी गाडी ठेवून आम्ही पायी निघालो. त्या वाटेनं मी पहिल्यांदा जात होते. आमच्याकडे नाला नाही, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं आहेत, आणि पावसाळ्यात वाट त्यांच्यातच बुडते.

मंगेश पुढे चालत होता. एका बांधावर थांबला. म्हणाला, “इथं बाबाले खाली ठेवलं. विसाव्याची जागा तर गावाजवळच झाली होती. पण पायच निघत नव्हता.” थोडं पुढे जाऊन परत थांबला. “इथंही.” तिसऱ्या ठिकाणी त्यानं नुसतं बोट दाखवलं.

विसाव्याला एकदा टेकवली की तिरडी पुन्हा जमिनीला लावायची नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी त्याला विचारलं, “मले काहून नाही सांगितलं?”

“तू विचारलं नाही,” तो म्हणाला. “अन् सांगून काय, तुले तर इथं यायचंच नव्हतं.”

मी बांधावर बसून रडले. मंगेश जवळ उभा राहिला. नंतर आम्ही दोघांनी ती वाट टेपनं मोजली, कारण प्रस्तावात लांबी लागते.

ग्रामसभेत मी आधी सभागृहाचा शब्द मागे घेतला, मग रस्त्याचा विषय काढला. बायांनी सुनंदाकडे पाहिलं. मग पुरुष बोलायला लागले, एकामागून एक, कोणाला कुठे खाली ठेवलं ते. असं ते कधी बायांसमोर बोलले नव्हते. सुनंदानं शेवटी मला एकच विचारलं, आम्ही आणखी किती वर्षं पारावर बसायचं. मी खरं सांगितलं की मला माहीत नाही. तिनं हात वर केला, ठरावाच्या बाजूनं. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

प्रस्ताव तालुक्याला गेला आहे. मंजूर होईल की नाही, हे सांगता येत नाही. ‘कामाची गरज’ या रकान्याला त्या कागदावर अर्धं पान असतं. मी तिथे एकच वाक्य लिहिलं आणि बाकीची जागा कोरी सोडली. पावसाळ्यात आमच्या माणसांना चिखलात खाली ठेवावं लागतं.